नरक कोणाला सांगायचा?

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयाचे शीर्षक पाहून येथील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मघाशी मला हसत विचारले, "वैशाखाचा उकाडा काय कमी आहे, म्हणून तुम्ही आणखी नरक घेऊन आलात?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. स्वर्गावर बोलणारे वक्ते पुष्कळ मिळतात. नरकावर बोलायला सहसा कोणी उभे राहत नाही. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो माझ्याकडे एका प्रश्नाच्या रूपाने आला आणि इतकी वर्षे लोटली तरी त्याने पाठ सोडलेली नाही.

२००६ च्या पावसाळ्यात वृत्तपत्राच्या कामानिमित्त मी यवतमाळ जिल्ह्यात फिरत होतो. कापूस, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांवर लिहायचे होते. एका घरी गेलो. घरातला कर्ता मुलगा जाऊन महिना झालेला. त्याची आई ओसरीवर बसली होती. मी माझे ठरलेले प्रश्न विचारले : कर्ज किती, कोणाचे, पेरणी कितीदा मोडली. तिने उत्तरे दिली. मी वही मिटली, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तुमी लिवनारे-वाचनारे मानसं. असं मरन आलेल्याले नरकात टाकते म्हंतात. माह्या पोराले टाकलं असंन का जी?"

तेराव्याच्या आतच कोणीतरी तिला हे ऐकवून गेले होते. मी संस्कृत घेऊन बी.ए. झालेला माणूस, गरुडपुराण आमच्या घरात वडिलांच्या वेळी ऐकलेले. तरी मला उत्तर सुचले नाही. "नाही हो माय, असं काही नसतं," एवढे पुटपुटून मी उठलो. ते तिला पटले नाही हे मला दिसत होते. पटणार कसे? मी ते माहितीने बोललो नव्हतो, सुटका करून घेण्यासाठी बोललो होतो. आज आपल्यापुढे मांडतो आहे ते त्या ओसरीवर द्यायला हवे होते ते उत्तर, पुष्कळ उशिरा जुळवलेले.

नरकाची कल्पना आपल्याकडे पुराणांनी आणली, असे सर्रास म्हटले जाते. ते बरोबर नाही. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात 'नारक लोक' असा स्पष्ट उल्लेख आहे. शतपथ ब्राह्मणात वरुणपुत्र भृगूची कथा आहे. विद्येत आपण पित्याहून श्रेष्ठ आहोत, अशी घमेंड भृगूला झाली. तेव्हा वरुणाने त्याला दिशा हिंडून यायला सांगितले. आणि 'हे तुझे, हे माझे' म्हणत माणसे माणसांचे अवयव तोडून वाटून घेताहेत, असे भयंकर दृश्य त्या विद्वानाच्या दृष्टीस पडले. लक्षात घ्या, हे दर्शन येथे एखाद्या दीनदुबळ्या पाप्याला घडत नाही. ते विद्येने माजलेल्याला घडवले जाते.

हा धागा मला पुढेही सापडत गेला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात २१ नरकांची नावे येतात : तामिस्र, अंधतामिस्र, रौरव, महारौरव, कालसूत्र इत्यादी. पण कोणासाठी? लोभी आणि शास्त्र मोडून वागणाऱ्या राजाकडून जो दान घेतो, त्याने हे एकवीसच्या एकवीस क्रमाने भोगायचे आहेत! सत्तेच्या पंगतीला बसणाऱ्या विद्वानांसाठी केलेली ही तरतूद आहे. आम्हा पत्रकारांनी हा श्लोक आपल्या टेबलावर लावून ठेवायला हरकत नाही.

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधाचा शेवटचा अध्याय म्हणजे नरकांचा जणू संपूर्ण कोश. शुकाचार्य तेथे २८ नरक सांगतात. कुंभीपाक आपल्याला ऐकून ठाऊक असतो. जिवंत पशुपक्ष्यांना शिजवणाऱ्या निर्दयासाठी तो आहे. पण बाकीची यादी कोण वाचतो? निरपराध्याला दंड करणारा राजा किंवा राजाचा अधिकारी सूकरमुख नरकात उसासारखा पिळला जातो. साक्षीत, व्यवहारात वा दानात खोटे बोलणारा अवीचीत, शंभर योजने उंच पर्वतावरून खाली डोके करून लोटला जातो. दारी आलेल्या अतिथीकडे जाळून टाकणाऱ्या नजरेने पाहणाऱ्या गृहस्थाचे डोळे गिधाडे उपटतात. आणि अठ्ठावीसावा, शेवटचा, सूचीमुख : पैशाच्या गर्वाने ताठलेला, सगळ्यांवर संशय घेणारा, भुतासारखी धनाची राखण करत बसणारा जो असेल, त्याचे अंग यमदूत शिंप्यासारखे दोऱ्याने शिवून काढतात. त्या ओसरीवरच्या घराला कर्ज देणाराही गावातच होता. त्याच्या घरी सूचीमुखाचे आख्यान लावण्याचे कोणाला सुचले नाही. ते सुचले मुलगा गमावलेल्या आईच्या घरी.

हे वर्णन ऐकणारा परीक्षित स्वतः राजा आहे, दंडशक्ती हातात बाळगून जगलेला. तो शुकांना लगेच विचारतो की, या यातना माणसाला टाळता कशा येतील. आणि सहाव्या स्कंधाच्या प्रारंभी उत्तर म्हणून अजामिळाची कथा येते. म्हणजे भीतीच्या अध्यायाला लागूनच सुटकेचा अध्याय आहे. गरुडपुराणाचा जो सारोद्धार आपल्या घरांत वाचला जातो, त्याचेही १६ अध्याय आहेत आणि सोळावा मोक्षाचा आहे. यममार्ग आणि वैतरणी ऐकून श्रोते दमतात आणि मोक्षाच्या वेळी चहाची भांडी वाजू लागतात, हा दोष पुराणाचा नव्हे.

आता दुसरा प्रश्न : या नरकाला बाहेर पडायचे दार आहे का? जगातील धर्ममते येथे खरी वेगळी होतात. आपले ते सर्व उदार आणि बाहेरचे ते सर्व कठोर, असे म्हणण्याचा मोह अशा व्यासपीठावर होतो. तो मी आवरणार आहे, कारण तसे चित्र नाही. आपल्याकडे सर्वसाधारण सिद्धांत असा की कर्म सान्त आहे, म्हणून त्याचे फळही सान्त. नरक हा मुक्काम आहे, कायमची वस्ती नव्हे. पण आपल्याच परंपरेत मध्वाचार्यांनी काही जीव स्वभावतःच अंधतमसाचे अधिकारी मानले आणि त्यांना तेथून सुटका नाही, असे सांगितले. उलट जैनांकडे पाहा. त्यांच्या सात नरकभूमी रत्नप्रभेपासून महातमःप्रभेपर्यंत उतरत जातात, सातवीतील आयुष्य ३३ सागरोपम, म्हणजे गणिताने कवेत न येणारे, पण संपणारे. महावीरांचा भक्त राजा श्रेणिक, ज्याला इतिहास बिंबिसार म्हणतो, तो आज पहिल्या नरकात आहे, असे जैन मानतात आणि तोच येत्या उत्सर्पिणीतील पहिला तीर्थंकर होणार, असेही मानतात. नरकात असलेल्या माणसाकडे भावी तीर्थंकर म्हणून पाहायचे! मला यापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते.

'जहन्नम' हा शब्द आपण रागाच्या भरात वापरतो. त्याचे मूळ जेरुसलेमच्या वेशीबाहेरील हिन्नोमच्या दरीत आहे. तेथे मोलेख दैवतापुढे मुले आगीत दिली जात, म्हणून ती दरी शापित ठरली आणि तिचे नाव पुढे परलोकातील यातनास्थानाला मिळाले. ज्यूंच्या मिश्नेत रब्बी अकिवांच्या नावावर दुष्टांची तेथील शिक्षा १२ महिन्यांची सांगितली आहे. दिवंगत आईबापांसाठी मुलगा जी प्रार्थना म्हणतो, ती मात्र ११ महिनेच म्हणण्याचा प्रघात पडला. पूर्ण १२ म्हटली तर आपले वडील दुष्टांत मोडतात, असे आपणच मान्य केल्यासारखे होईल! श्राद्धाला बसणाऱ्या कोणाही हिंदूला ही नाजूक काळजी समजावून सांगावी लागणार नाही.

ख्रिस्ती परंपरेत तिसऱ्या शतकातील ओरिजेनला आशा होती की, अखेर सर्वच जीव ईश्वराकडे परततील. सहाव्या शतकात ते मत त्याज्य ठरले आणि संत ऑगस्टीनने प्रतिपादलेला अनंत नरक पाश्चात्त्य चर्चमध्ये प्रमाण झाला. मात्र १९९९ च्या जुलैत पोप दुसरे जॉन पॉल यांनी नरक म्हणजे एखादे स्थळ असण्यापेक्षा ईश्वरापासून स्वतःला तोडून घेतलेल्याची अवस्था होय, असा खुलासा केला. इस्लाममध्ये जहन्नमला सात दरवाजे सांगितले आहेत. अश्रद्धांसाठी ते चिरंतन, हे बहुसंख्यांचे मत, तरी चौदाव्या शतकातील दमास्कसचा इब्न कय्यिम तेथील आग कधीतरी विझेल का, याचा गंभीरपणे ऊहापोह करतो. आपल्या पारशी बांधवांच्या अर्दा विराफच्या ग्रंथातला नरक काळोखाचा, थंडीचा, दुर्गंधीचा आहे; तेथे दाटी इतकी, तरी प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच आहोत. पण जगाच्या नवीकरणाच्या वेळी तोही रिकामा होणार. आणि गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत नरकाला काय म्हणतात? 'यमकोंड'. धर्म पालटला, पण यमराज आपल्या जागेवरून हलले नाहीत.

तिसरा भेद : नरक बाहेर की आत? चार्वाकाने काटा बोचल्याचे दुःख हाच नरक, असे म्हणून विषय मिटवला. बौद्ध आचार्य वसुबंधूने अधिक खोल शंका काढली : नरकात यातना देणारे रक्षक जर खरे जीव असतील, तर त्या तापल्या भूमीवर त्यांचे पाय कसे पोळत नाहीत? म्हणून ते पाप्याच्याच चित्ताने उभे केलेले आहेत, असा त्याचा निष्कर्ष. यावर कोणी म्हणेल, हा अवैदिकांचा तर्क झाला. तर विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशाचा सहावा अध्याय उघडावा. नरकांची लांबलचक यादी दिल्यावर त्याच अध्यायात पराशर मैत्रेयाला सांगतात की, मनाला प्रसन्न करतो तो स्वर्ग, उलट तो नरक. पुण्य आणि पाप यांचीच ही नावे. गीतेच्या सोळाव्या अध्यायानेही नरकाची तीन द्वारे सांगितली ती काम, क्रोध आणि लोभ. तिन्ही आपल्याच घराला आहेत.

मग त्या माउलीच्या प्रश्नाचे काय? तिला घाबरवणाऱ्याच्या हाती शास्त्राधार नव्हता, असे मी म्हणणार नाही. पराशरस्मृतीत अतिमान, अतिक्रोध, स्नेह किंवा भय यांपोटी आत्मघात करणाऱ्यास ६० हजार वर्षांचा नरक सांगितला आहे. जिवंत माणसाला त्या वाटेवरून मागे ओढण्यासाठी तो धाक असेल, तर मी समजू शकतो. पण गेलेल्याच्या आईला तो ऐकवून कोणाला मागे ओढायचे होते? ईशावास्याचा तिसरा मंत्रही अशा वेळी हटकून पुढे केला जातो. आत्मघातकी माणसे अंधाराने वेढलेल्या लोकांत जातात, असा. येथे शंकराचार्यांचे भाष्य पाहावे. त्यांच्या मते 'आत्महन' म्हणजे आत्मस्वरूप न जाणणारे अज्ञानी; त्या अद्वय तत्त्वाच्या तुलनेत देवसुद्धा असुर ठरतात. म्हणजे हा मंत्र त्या शेतकऱ्यावर लिहिलेला नाही. तो आपणा सर्वांवर आहे, माझ्यावर आणि सभागृहातील पहिल्या रांगेवरही. आणि ज्या गरुडपुराणाचा धाक घातला गेला, त्याच्याच प्रेतखंडात अपमृत्यूने गेलेल्यांसाठी नारायणबली सांगितला आहे. शास्त्राने असा माणूस सोडून दिलेला नाही. सोडून दिला तो आपण, तो जिवंत असताना.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर स्वर्गात पोहोचतो, तर तेथे दुर्योधन आसनावर! भाऊ कुठे आहेत, म्हणून देवदूत त्याला घोर वाटेने नेतो. दुर्गंधी असह्य होऊन तो परत फिरतो, तेव्हा अंधारातून ओळखीचे आवाज विनवू लागतात : क्षणभर थांब, तू उभा राहिलास की आम्हाला बरे वाटते. ते भाऊ आणि द्रौपदी आहेत हे कळताच धर्मराज देवदूताला सांगतो, तू जा, मी येथेच राहीन. आपल्या माणसांसाठी त्याने हे केले. मार्कंडेय पुराणातला विपश्चित् राजा एक पाऊल पुढे गेला. विदेहाचा हा पुण्यवान राजा. कैकेय देशाच्या राणीवर आसक्त होऊन त्याने विदर्भकन्या पीवरी हिची एकदा उपेक्षा केली, एवढ्या दोषाने त्याला नरक पाहावा लागला. तेथून निघताना त्याच्या अंगावरून आलेल्या वाऱ्याने यातना भोगणाऱ्यांना थंडावा वाटला आणि ते 'थांबा' म्हणून आक्रोशले. ते त्याचे कोणी नव्हते. पापी होते, हे यमदूताने त्याला सविस्तर सांगितलेही. पीडितांना दिलासा देण्यात जे सुख आहे ते ब्रह्मलोकातही नाही, असे म्हणून राजा खांबासारखा उभा राहिला. न्यायला इंद्र आणि धर्म आले, तेव्हा त्याने आपले सारे पुण्य त्यांना देऊन टाकले आणि नरकातले जीव सुटले. पूर्वेकडच्या बौद्ध देशांत क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची प्रतिज्ञा अशीच आहे : नरक रिकामे होईपर्यंत बुद्धत्व नको.

२०११ साली त्या भागात पुन्हा जाणे झाले, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून मी त्या घरी गेलो. म्हातारी आणखी वाकली होती. भाष्य वगैरे काही काढले नाही. विपश्चिताची गोष्ट मात्र जमेल तशी सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "राजाची बायको आपल्या इकडची होती म्हंता?"

"हो माय, विदर्भाची."

"अन् तिच्याकडे पाह्यलं नाही म्हनून राजा नरकात गेला?"

"हो."

"मंग बरोबरच झालं!" असे म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहत होतो. थोड्या वेळाने भिंतीवरच्या फोटोकडे बघत ती जणू स्वतःशीच बोलली, "पाच वर्सं झाली. असा एखांदा राजा माह्या पोराजवळून गेलाच असंन."

तोवर सून चहा घेऊन आली.