गावातले कॉलेज की नदीपलीकडचे विद्यापीठ?

जूनच्या सुमारास आमच्या घरी गावाकडचा कोणी ना कोणी पाहुणा असतोच. मी या शहरात राहतो आणि कधी काळी इथेच शिकलो, एवढ्या भांडवलावर नातेवाईक मला प्रवेशाचा जाणकार समजतात. या वेळी कन्नड तालुक्यातून माझी भाची आली होती, दाजींना बरोबर घेऊन. पोरगी बी.ए. झाली आहे. पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करायचे, एवढे ठरलेले. अडले होते ते एकाच प्रश्नावर.

"मामा, गावातलं कॉलेज घेऊ का विद्यापीठात जाऊ? पदवी तर एकाच विद्यापीठाची मिळणार."

मी तोंड उघडण्याआधीच दाजी म्हणाले, "त्यात काय विचारायचं? होस्टेल मिळालं तर विद्यापीठच. पोरीची जात, संध्याकाळची गावात एकटी कशाला हिंडायची?"

भाचीचे म्हणणे वेगळे होते. औरंगपुऱ्याच्या आसपास अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षांचे क्लास आहेत. एखादी लहान नोकरीही मिळेल. विद्यापीठात राहून या सगळ्यासाठी रोज गावात यायचे तर निम्मा दिवस रस्त्यात जाईल.

दोघांचेही खरे होते. मी दोन्हीकडे राहिलो आहे, म्हणून सांगतो.

मी १९८० साली शहरात आलो. गुलमंडीच्या मागच्या बोळात एक खोली, तीत आम्ही चौघे. एक दिवा, एक नळ, तोही जिन्याखाली. आमचा दिवस कॉलेजच्या तासांवर चालत नसे, डब्यावर चालत असे. सकाळच्या एस.टी.ने घरून डबा यायचा. कंडक्टरच्या ओळखीवर तो मध्यवर्ती बसस्थानकावर उतरायचा, आणि तो आणायची आमची पाळी लावलेली असायची. गाडी चुकली की चौघांची भाकरी चुकली. पावसाळ्यात भाजी आंबायची, तरी खायचो. बसस्थानक पायी अंतरावर होते, म्हणून आमचे शिक्षण झाले, असे म्हटले तरी चालेल. संध्याकाळी मी एका छापखान्यात मुद्रिते तपासायचो. खोलीभाडे त्यातूनच निघायचे. उरलेला वेळ पुस्तकांच्या दुकानांत उभ्याने वाचण्यात जायचा. दुकानदार हाकलायचे नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्याच वर्षी वर्गातला एक मित्र खोली शोधत होता. मीही त्याच्याबरोबर हिंडलो. तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. घरमालक खोली दाखवायचे, भाडे सांगायचे आणि मग सहज विचारल्यासारखे विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" त्याने आडनाव सांगितले की खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. तिसऱ्या दिवशी त्याने शोध सोडला आणि नागसेनवनातल्या वसतिगृहाचा रस्ता धरला. जाताना म्हणाला, "तिथं आडनाव विचारत नाहीत." गावात राहण्याची सोय ही सर्वांना सारखी नसते, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी असे कळले.

नागसेनवन म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने वसवलेला परिसर. सोसायटीचे कॉलेज इथे १९५० साली सुरू झाले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढे मिलिंद हे नाव मिळाले ते मिनँडर या ग्रीक राजाचे, भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. जागा होती शहराच्या तटाबाहेर, खाम नदीच्या पलीकडे. गावाबाहेर कॉलेज आणि शेजारी वसतिगृह, याकडे आपण आज 'निसर्गरम्य परिसर' म्हणून पाहतो. ज्याला गावात खोलीच मिळत नव्हती, त्याच्या दृष्टीने मात्र ते शिक्षणाचे दार होते.

विद्यापीठही त्याच अंगाला आले. त्याआधी मराठवाड्यातली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. उस्मानियाही आधी हैदराबाद शहरातल्या घरांमधून चालले आणि नंतर अडिकमेटच्या मोकळ्या माळावर गेले. आपले मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाले. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. लेण्यांच्या डोंगराखाली, सोनेरी महालाच्या शेजारी आज सुमारे सव्वासातशे एकरांचा हा परिसर आहे. या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यावरून मराठवाडा पेटला, माणसे मेली, घरे जळाली. नाव प्रत्यक्ष लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. माझा मित्र खोली शोधत हिंडत होता, ते या दोन तारखांच्या मधले साल.

१९८३ साली मी एम.ए.साठी विद्यापीठाच्या वसतिगृहात गेलो. पहिला महिना वाईट गेला. छापखान्यातून सुटायला नऊ वाजायचे आणि मग पाणचक्कीवरून अंधारात सायकल हाणायची. दोनदा पडलो. शेवटी काम सोडले. पैसे गेले, पण वेळ हाती आला. एवढा वेळ मला आधीही कधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. ग्रंथालयातून उठलो की चार पावलांवर खोली. शेजारी बीडचा एक, परभणीचा एक, उमरग्याकडचा एक. दुष्काळ, कारखाना, जात, कविता, सगळ्यांवर रात्र रात्र भांडायचो. गुलमंडीच्या खोलीत आम्ही चौघेही एकाच तालुक्याचे होतो. भांडायलासुद्धा काही नव्हते.

मात्र काम सोडण्याची चैन मला परवडली, ती थोरल्या भावाने दोन वर्षे पैसे पाठवले म्हणून. ज्याच्या मागे भाऊ नाही, त्याला ही गोष्ट सांगून उपयोग नाही. हल्ली विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिचा आधार गरजू मुलांना होतो.

आता शहर कुठे आणि बाहेर कुठे, हेही धूसर झाले आहे. पुण्याचे विद्यापीठ १९४९ साली गणेशखिंडीत सुरू झाले, तेव्हा ते गावाबाहेर होते. आज त्याच्या फाटकासमोरची वाहनांची कोंडी पुणेकरांना रोजची आहे. आपल्याकडेही बेगमपुऱ्याच्या पुढे घरे गेलीच आहेत. एमजीएम विद्यापीठ २०१९ साली झाले ते सिडकोच्या एन-सहामध्ये, भर वस्तीत. विधी विद्यापीठ पैठण रोडला कांचनवाडीकडे आहे. आणि आमच्या विद्यापीठाने २००४ साली धाराशिवला उपपरिसर काढला, तो मला या सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. विद्यार्थ्याने किती लांब यायचे, हा प्रश्न दर वेळी विद्यार्थ्यानेच का सोडवावा?

दाजींना मी एवढेच म्हणालो, "दाजी, पोरगी बाहेर हिंडेल याची काळजी करता, तशी ती दोन वर्षं एकाच आवारात राहील याचीही करा. आणि आत राहिली म्हणजे संध्याकाळी रस्ता लागतच नाही, असं थोडंच आहे? गावातून परत यायचा रस्ता आहेच की."

दाजी गप्प राहिले. भाचीने मात्र दुसऱ्या दिवशी वही घेतली आणि एकटीच बाहेर पडली. सकाळी विद्यापीठात गेली, विभागात जाऊन तास कधी संपतात ते विचारले, वसतिगृहातल्या मुलींशी बोलली, मेसचे पैसे लिहून घेतले. दुपारी गावात येऊन दोन खोल्या पाहिल्या. एका घरमालकिणीने सात वाजता दार बंद होईल असे सांगितले. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी आणि घराचे दार सातला बंद. संध्याकाळी मुद्दाम अंधार पडू दिला आणि बसस्थानकावरून पुन्हा विद्यापीठाच्या फाटकापर्यंत जाऊन आली. शेअर रिक्षाला सीटा भरेपर्यंत किती वेळ लागला, फाटकापासून आत किती चालावे लागते, कुठे दिवे नाहीत, सगळे वहीत.

घरी आल्यावर तिने वही दाजींपुढे ठेवली. दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पान वाचले.

"त्या खोलीवालीनंही आडनाव विचारलं का गं?" मी विचारले.

"विचारलं की," ती म्हणाली. "सगळ्यात आधी तेच."

तिने विद्यापीठाचा अर्ज भरला आहे. वसतिगृहाची यादी अजून लागायची आहे.