मोटारीची टिकटिक

मोटार आवाज करू लागली की तो आवाज बंद व्हावा, असे मालकाला आधी वाटते. तो कशाचा आहे हे कळावे, असे मागाहून. ही चूक मी स्वतः केली आहे. तिचीच हकीकत आज सांगणार आहे.

गाडी माझ्या मामांची. १९६६ सालची एमजीबी, दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. नाव परके असले तरी तिचे इंजिन आपल्या ओळखीच्या घराण्यातले आहे. २०१४ साली जिचे उत्पादन थांबले, त्या ॲम्बॅसडरमध्ये अनेक वर्षे १४८९ घनसेंटिमीटरचे जे पेट्रोल इंजिन होते, त्याचेच हे १७९८ घनसेंटिमीटरचे दांडगे भावंड. सरकारी नोकराला त्याचा स्वर परका वाटू नये.

मामांच्या पश्चात गाडी माझ्याकडे आली तेव्हा इंजिनाच्या माथ्यावरून टिकटिक ऐकू येई. आवाजाची परीक्षा त्याच्या जागेवरून आणि लयीवरून करावी. बेअरिंग झिजले असेल तर ठोका खालून, जड येतो आणि चढावर वाढतो. पिस्टन सैल असेल तर थंडपणी खडखडतो, तापल्यावर निवळतो. झडप मात्र इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडते. म्हणून तिचा आवाज हलका आणि फेऱ्यांच्या निम्म्या गतीने येतो. लाकडी दांड्याचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे कानाशी धरून मी ऐकले. आवाज झडपांचाच होता.

झडप आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात, इंजिन थंड असताना, ०.३८ मिलिमीटर फट ठेवावी लागते. झडप तापली की तिची दांडी लांबते. त्या वाढीसाठी ही जागा. मी पात्याने फट मोजली. ती अगदी नियमाप्रमाणे होती आणि तरी टिकटिक चालूच! तेव्हा मी मापावरचा विश्वास सोडला आणि आवाज थांबेपर्यंत फट आवळीत गेलो. इंजिन शांत झाले. मामी म्हणाली, "बरं झालं रे, फार कटकट होती." मलाही तक्रार निकाली काढल्याचे समाधान वाटले.

तीन महिन्यांनी दुसरीच तक्रार उभी राहिली. सकाळी गाडी कशीबशी सुरू होई. पण तापलेली गाडी बाजारात दहा मिनिटे थांबवली की पुन्हा सुरू होईना. या वेळी मी क्रमाने चौकशी केली. या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे असतात. त्यांची टोके स्वच्छ होती आणि स्टार्टर इंजिनाला जोमाने फिरवीत होता. तो मंद फिरता, तर इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थची पट्टी आधी पाहिली असती. इंजिन रबरावर बसलेले असते. ही पट्टी तुटली तर वीज चोकच्या तारेतून वाट काढते आणि ती तार तापते. माझी तार थंड होती. किल्ली फिरवताच मागचा पेट्रोल-पंप टकटक करी आणि कार्ब्युरेटर भरल्यावर गप्प होई; म्हणजे पेट्रोल पोचत होते. प्लगवर ठिणगीही स्वच्छ पडत होती.

वीज, पेट्रोल, ठिणगी, तिन्ही जागच्या जागी. उरला तो सिलिंडरमधला दाब. चारही प्लग काढून तो मोजला. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे; एकाचा दाब त्यांच्या निम्माही नव्हता. त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने दाब वाढला असता. तो वाढला नाही. म्हणजे गळती झडपेतून होती. हेड उतरवले, तेव्हा धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची कड जळालेली दिसली.

ती मीच जाळली होती. झडप बंद असते तेव्हा आपली उष्णता बैठकीला देऊन निवते. मी फट इतकी आवळली होती की तापून लांबलेली झडप पुरती मिटतच नव्हती. तिला विसावा मिळेना आणि फटीतून ज्वाळा निसटत राहिल्या.

मग पहिल्या टिकटिकीचे कारण काय? रॉकरच्या तोंडाला झिजून खळगा पडला होता. मापाचे सपाट पाते त्या खळग्यावर पुलासारखे आडवे बसे. खालची पोकळी त्याला मोजताच येत नसे. फट खरोखरच जास्त होती. माप खोटे निघाले ते या खळग्यामुळे. खरा उपाय होता रॉकर बदलण्याचा. तो आधी केला असता तर झडप वाचली असती आणि हेड उतरवण्याचा खर्चही.

झडपेची फट थोडी सैल असली तर गाडी कुरकुरते आणि आपल्याला वेळेवर सावध करते. ती अधिक आवळली तर गाडी गप्प राहते आणि आतून जळते. तक्रार थांबली याचा अर्थ दुखणे गेले असा नव्हे, हे कचेरीत इतकी वर्षे काढूनही मला एका झडपेकडून शिकावे लागले.

आता रॉकर नवे आहेत, फट मापात आहे, आणि कान देऊन ऐकले तर बारीकशी टिकटिक अजूनही येते. परवा मामीने विचारले, "अजून वाजतेच आहे ना रे?" मी म्हटले, "हो मामी, तेवढी वाजू दे."