पवनीची पेठ आणि सामाईक जबाबदारी

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे लहानसे नगर असले, तरी त्याचे नगरपण फार जुने आहे. एका अंगास नदी आणि इतर बाजूंस मातीचा परकोट व खंदक, अशी त्याची ठेवण. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनी येथील जगन्नाथ टेकडी उकरली, तेव्हा तिच्या पोटी बौद्ध स्तूप सापडला. त्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी स्तंभ दिला, कोणी फरशी दिली. एकट्या राजाच्या कोषातून ती वास्तू उभी राहिली नाही. ज्या गोष्टीस हल्ली शासन आणि खाजगी व्यक्ती ह्यांची भागीदारी असे जड नाव देतात, तिचा एक नमुना पवनीच्या मातीतच दोन सहस्र वर्षे पुरलेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि स्तूप आणि बाजारपेठ ह्यांत एक भेद आहे. स्तूप एकदा उभारला की तो उभा राहतो. पेठ रोज उभारावी लागते. आणि ती ज्या मालावर उभी असते, तो माल नाहीसा झाला तर दुकानांच्या नक्षीदार लाकडी खांबांना कितीही रोगण फासले तरी गिऱ्हाईक फिरकत नाही.

पवनीचा माल म्हणजे कोष्ट्यांचे विणकाम. बारीक सुताचे, रेशीमकाठी वस्त्र ही ह्या नगराची ख्याती होती, आणि 1867 साली येथे नगरपालिका स्थापन झाली ती ह्या भरभराटीच्या काळात. पुढे दहाच वर्षांनी, 1877 साली, नागपुरास टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे कापड स्वस्त, आणि ते आगगाडीने गावोगाव पोहोचू लागले. हातमाग एका दिवसात बंद पडला नाही. तो घराघरांतून हळूहळू उठला. मुलगा मागावर बसेनासा झाला, एवढेच त्याचे बाह्य लक्षण. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव ह्या बाजूस करवतकाठी लुगड्यांची परंपरा टिकून राहिली. कोशाच्या अंगावर करवतीच्या दातांसारखा काठ उठविण्यासाठी एकाच वेळी तीन धोटे चालवावे लागतात आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात हाताने गुंतवावा लागतो. हा कोसा ऐन व अर्जुन ह्या झाडांवर पोसला जातो आणि पोसणारे बहुधा ढिवर असतात. म्हणजे एका लुगड्यात रान, नदीकाठ आणि पेठ ही तिन्ही एकत्र येतात. पेठ सुधारावयाची ती ह्या साखळीसह, नाहीतर तो नुसता देखावा होईल.

देखाव्याचा मोह मात्र मोठा असतो. पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण झाले. उमरेड-पवनी-करहांडला अभयारण्य 2012 साली घोषित झाले. विदर्भाच्या अष्टविनायकांत पवनीच्या गणपतीची गणना आहे. वाघ पाहण्यास आलेला प्रवासी परकोटाच्या आत कसा यावा, हा प्रश्न खरा आहे. परंतु त्यासाठी प्रथम कमानी आणि दिवे असा क्रम लावला, तर प्रवासी छायाचित्र घेऊन परत जाईल आणि विणकराच्या पदरी काही पडणार नाही.

मुंबईच्या फोर्ट विभागातील दादाभाई नौरोजी रस्त्याचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. 1995 साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली, परंतु त्या रस्त्यावरील कमानी दुकानांच्या अवाढव्य पाट्यांखाली झाकूनच गेल्या होत्या. पुढे वास्तुतज्ज्ञ, प्राधिकरण आणि दुकानदार एकत्र बसले. पाटी कमानीच्या आत, ठराविक मापात असावी असे ठरले. 2004 साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. तेथे कायदा हाती होता, पण काम झाले ते समजुतीने. दुकानदारास आपल्या पाटीचे माप लहान करण्यात आपलाच लाभ आहे, हे पटवावे लागले. उलट त्याच शहरात भेंडीबाजाराचा मोठा भाग एका न्यासाने 2009 पासून पाडून नव्याने उभारण्यास घेतला. राहणाऱ्यांस पक्की घरे मिळणे हे लहान काम नव्हे. परंतु जुनी पेठ जपण्याचा तो मार्ग म्हणता येत नाही.

पवनीचे प्रमाण मुंबईहून फार लहान आहे, आणि हेच तिचे बळ ठरू शकते. नगरपरिषदेने गटार, फरसबंदी, सार्वजनिक शौचालय आणि घाटापर्यंतची वाट ही कामे अंगावर घ्यावी. ती कोणा दुकानदाराने करावयाची नव्हेत. दुकानदाराने आपला दर्शनी भाग, पाटी आणि ओटा ह्यांचा भार उचलावा. कापड व्यापाऱ्याने मात्र त्याहून एक पाऊल पुढे जाऊन विणकरास लुगड्याची मागणी आगाऊ रकमेसह लेखी द्यावी. मागावर बसणाऱ्यास महिनोन्महिने उधारीवर माल द्यावा लागला, तर पेठेचा जीर्णोद्धार त्याच्या कर्जातून होत आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

आणि ओट्याखाली बसणारा भाजीवाला, बांगडीवाली ह्यांचे काय? रस्ता सुंदर करताना त्यांस प्रथम हाकलण्याची रीत सर्वत्र आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने ह्या रीतीस आळा घातला आहे: नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांचेच असावयाचे, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असावयाच्या. ही समिती कागदावर न राहता पेठेच्या आराखड्यावर प्रत्यक्ष बसली, तर करारास तिसरा पक्ष मिळेल. दुसरा एक कायदाही ध्यानात ठेवावा लागतो. केंद्र-संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढील 200 मीटरांत परवानगी लागते. जुन्या नगरात हा नियम पुष्कळांस जाचतो. म्हणून रेषा कोठून कोठे जाते, हे घरमालकास घर दुरुस्तीला काढण्यापूर्वीच नकाशावर दाखविले पाहिजे.

आरंभ करावयाचा तर सर्व पेठ एकदम हाती घेण्याचे कारण नाही. वेशीपासून घाटापर्यंतचा एकच रस्ता घ्यावा; पावसाळ्यापूर्वी त्याचे गटार, पावसाळ्यानंतर त्याच्या पाट्या, आणि त्याच रस्त्यावर एका दुकानात, येणाऱ्यास दिसेल अशा जागी, चालता माग.