दोन ताटे, एक वेळ



आज आपण हॉटेलात जेवायला जाण्याविषयी चार गोष्टी बोलू. विषय ऐकून एखादे आजोबा म्हणतील, “घरी चूल पेटते ना? मग हा खर्च कशाला?” प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचा जरा सावकाशीने विचार करू.

पनवेल हे वाटेवरचे गाव. पूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदराला उतरायचा आणि पुढे बोरघाट चढायचा. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. पळस्प्याला गोव्याची वाट फुटते. आणि जिथे वाटा फुटतात, तिथे चुली पेटतात. खानावळ आली, उडप्याचे हॉटेल आले, ढाबा आला, चायनीजची गाडीही आली. आता समजा, ह्याच रांगेत उद्या क्यूबा देशाच्या जेवणाचे एक हॉटेल उघडले, आणि जवळच्या खेड्यातले एक जोडपे, बाजारहाट उरकून, आज काही नवे खाऊन पाहू म्हणून आत शिरले.

पदार्थांची यादी हातात आली. नावे वाचून दोघेही गोंधळली. पण गोंधळण्याचे खरे तर कारण नाही. एक पदार्थ आहे राजम्याच्या जातीचा काळा घेवडा आणि पांढरा भात, एकत्र शिजवलेला. वालाचे बिरडे आणि भात खाणाऱ्या रायगडकराला ही जोडी परकी कशी वाटेल? दुसरा पदार्थ कच्च्या केळ्याचा. केळ्याचे जाड काप तळायचे, चेपायचे आणि पुन्हा तळायचे. तिसरा एका कंदाचा. तो उकडून वर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस घालतात. हा कंद कोणता म्हणाल? आपला साबुदाणा ज्याच्यापासून होतो, तोच! शाकाहारी मंडळींनी मात्र मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे. तिकडे घेवड्यातसुद्धा पुष्कळदा डुकराचे मांस घालतात.

गंमत पहा. एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी करतो. तिच्यातला साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा, हे चारही जिन्नस मुळात अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली क्यूबाच्या किनाऱ्याला लागला, त्यानंतर ते जगभर पसरले. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा त्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. रताळ्यासाठी असलेला हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. उलट भात, केळी आणि ऊस ही आपल्या आशिया खंडाची देणगी तिकडे गेली. म्हणजे त्यांच्या ताटात आपण आहोत आणि आपल्या ताटात ते आहेत. शिक्षक बंधुभगिनींनो, भूगोलाचा असा धडा मुलांच्या डब्यातूनसुद्धा शिकवता येईल.

पण मला बोलायचे आहे ते ह्यापुढचे. हॉटेलातला पोऱ्या येतो आणि विचारतो, “वहिनी, तुम्हाला काय आणू?” वहिनी चटकन म्हणतात, “ह्यांना काय हवं ते आधी विचारा.” त्यांची ही सवय एका दिवसाची नव्हे. घरात आधी पुरुषमाणसे जेवतात, मग मुले, आणि वाढणारी शेवटी. भांड्याच्या तळाशी जे उरेल ते तिचे. भाजी संपली तर चटणी. हे कोणी मुद्दाम छळ म्हणून करत नाही. तशी रीतच पडली, आणि रीत पडली की ती डोळ्यांना दिसेनाशी होते.

बाहेर खाण्यावर तर आपल्याकडे फार मोठी बंधने होती. १८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये चहापान झाले, त्यावरून केवढे वादळ उठले! न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. पुढे १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांनी सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह काढले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमाने सांगितले की, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यांवरून कोणाही नागरिकाला उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही. ह्यात जातीबरोबर लिंग हाही शब्द आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो.

कायद्याने दार उघडले, पण बाईला आत यायला वेळ लागला. मुंबईच्या गिरणगावात बायका घरोघर खानावळी चालवीत आणि कामगारांना जेवू घालीत. म्हणजे रांधणारी बाई, जेवणारा पुरुष. अशाच खानावळवाल्या बायकांना कर्ज मिळावे, त्यांच्या कष्टांना मान मिळावा, म्हणून १९७५ साली प्रेमाताई पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. इराण्याच्या हॉटेलात बाईमाणूस आले तर त्यांच्यासाठी निराळी ‘फॅमिली रूम’ असायची. आज ती आडोशाची खोली फारशी उरली नाही. नवराबायको उघड्यावर, समोरासमोर बसतात.

आणि तिथे एक साधी गोष्ट घडते. दोघांची ताटे एकाच वेळी येतात. कोणी उठून वाढायचे नसते. घास गरम असतो तोवर बाईलाही तो मिळतो. काय आवडते, काय नको, हे तिला विचारले जाते, आणि दोनतीन वेळा विचारल्यावर ती सांगूही लागते. चारचौघांसमोर एखाद्या भाषणाने जे सहज होत नाही, ते त्या चार पायांच्या टेबलाने होते.

ही गोष्ट नुसत्या मानाची नाही, अंगातल्या रक्ताचीही आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात हा आकडा ५४ होता. ह्याला कारणे अनेक आहेत. पण जी शेवटी जेवते तिच्या वाट्याला डाळ, भाजी, अंडे, मासळी कमी येते, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

“आम्हाला वाढण्यातच समाधान वाटतं,” असे आमच्या कित्येक आयाबहिणी म्हणतील. ते समाधान खोटे नाही. वाढावे, जरूर वाढावे. पण एक दिवस ह्याने वाढावे, एक दिवस तिने. आणि मग दोघांनी बसावे.

त्यासाठी क्यूबाचे हॉटेल उघडण्याची वाट पाहायला नको, की खिशाला चाट लावायलाही नको. सगळी भांडी मधे घेऊन बसले की ज्याचे त्याला वाढून घेता येते. भाकऱ्या आधी भाजून फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर चुलीपाशी कोणी अडकत नाही. शिक्षकांनी वर्गात सहज विचारावे, “काल रात्री तुमच्या घरी शेवटी कोण जेवलं?” उत्तरावर टीका करू नये. मुले घरी जाऊन स्वतःच पाहू लागतील. पाहू लागली म्हणजे बोलतीलही.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री पाट मांडताना एक पाट अधिक मांडा, आणि ती येऊन बसेपर्यंत पहिला घास थांबवा. भाकरी तेवढ्याने काही गार होणार नाही.