पुण्याच्या टेकड्या आणि डोंगरी सायकल

पुण्याच्या टेकड्या उंच नाहीत. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर वसले आहे आणि शहरातली सर्वांत उंच जागा म्हणजे वेताळ टेकडीचा माथा, तो ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे कोथरूड, पाषाण किंवा शिवाजीनगरातून निघालेल्या सायकलस्वाराच्या वाट्याला एकूण चढ येतो तो अडीचशे मीटरांच्या आतबाहेर. आकड्यावरून हे किरकोळ वाटते. प्रत्यक्षात रस्त्यावर रोज चाळीस-पन्नास किलोमीटर सहज सायकल चालवणारी माणसे या टेकड्यांवर पहिल्या उतारालाच पाय टेकतात. या वाटांचा अवघडपणा उंचीत फारसा नाही. खाली कोणता दगड आहे, त्यावर काय पसरले आहे, वाट कोणाच्या पायांनी पडली आणि महिना कोणता चालू आहे, या गोष्टींवर तो ठरतो.

डोंगरी सायकलिंगचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या परिसरात झाला. १९७६ मध्ये तिथे रिपॅक नावाच्या उतारावर तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. साडेतीन किलोमीटरच्याही आत सुमारे ४०० मीटर खाली उतरणारी ती वाट होती. मागच्या चाकातल्या ब्रेकमधले ग्रीस उष्णतेने जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या उताराला नाव पडले. पुढे वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ दाखल झाला. रिपॅकची वाट वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला कच्चा रस्ता होती, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. पुण्याच्या टेकड्यांवर असे रुंद रस्ते थोडे आणि पायवाटा फार.

वाट किती अवघड हे ठरवण्याची एक पद्धत जगात रूढ आहे. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या संस्थेने बर्फावरच्या स्कीइंगच्या खुणांवरून ती घेतली. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड, आणि दोन काळे हिरे म्हणजे अतिशय अवघड. त्यासाठी वाटेची रुंदी, पृष्ठभाग, सरासरी चढ, कमाल चढ आणि वाटेतले अडथळे पाहतात. हिरव्या वाटेचा सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत असतो, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर. निळ्या वाटेचा १० टक्क्यांपर्यंत, काळ्या वाटेचा १५ टक्क्यांपर्यंत. दोन हिऱ्यांच्या वाटेचा २० टक्के किंवा त्याहून जास्त. ही मोजपट्टी उपयोगी आहे, पण ती बांधलेल्या, देखभाल होणाऱ्या वाटांसाठी तयार झालेली आहे. पुण्यात एकच वाट ऑक्टोबरमध्ये निळी आणि एप्रिलमध्ये काळी ठरू शकते. म्हणून इथे चढाच्या टक्क्यांपेक्षा जमिनीचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो.

ही जमीन दख्खनच्या पठाराची आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, एकसंध. काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र राहिलेले आणि त्यामुळे मऊ. मऊ थर लवकर झिजतो, घट्ट थर तग धरतो, आणि टेकडीची बाजू एकसारखी उतरती न राहता टप्प्याटप्प्याने उतरते: थोडी सपाटी, मग एकदम कातळाची कड, पुन्हा सपाटी. सायकलस्वाराला याचा अनुभव थेट येतो. दोनशे मीटर वाट अगदी आरामात जाते, चढ जेमतेम ४-५ टक्के. मग थराची कड लागते आणि वाट दहा-पंधरा मीटरच्या अंतरात दगडी पायऱ्यांवरून चढून जाते. सरासरी काढली तर वाट सोपी दिसते. ती पंधरा मीटर मात्र सरासरीने सोपी होत नाहीत. कोणत्याही वाटेबद्दल ‘चढ किती’ हे विचारण्याबरोबर ‘सर्वांत वाईट तुकडा किती लांबीचा’ हे विचारणे म्हणूनच जास्त शहाणपणाचे.

मऊ थराची झीज होऊन जो तांबूस-तपकिरी भुगा आणि खडा तयार होतो तो मुरूम. घराच्या जोत्यात भरणी करायला, रस्त्याखाली घालायला जो वापरतात तोच. जिथे दगड गोलाईने झिजतो तिथे त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मध्ये गोल गोटा उरतो. वेताळ टेकडीच्या चढावर, वाट खोदली गेलेल्या ठिकाणी, हे पापुद्रे उघड्यावर दिसतात. दगडाच्या पोकळ्यांत साकळलेली पांढरी खनिजेही दिसतात. पाहायला ते सुंदर आहे. चाकाखाली मात्र हा मुरूम म्हणजे कठीण कातळावर पसरलेले सुटे खडे. खालचा थर घट्ट, वरचा मोकळा. टायरच्या गुट्ट्या मातीत रुतून पकड घेतात. इथे रुतायला मातीच नसते. खडा टायरबरोबर कातळावरून घरंगळतो. ट्रेकिंगवाले ज्याला घसारा म्हणतात तो हाच, फक्त पायाऐवजी टायर त्यावर येतो.

घसाऱ्यावरच्या उताराचे तंत्र थोडे उलटे आहे. उतारावर वजन पुढे सरकते, त्यामुळे पुढच्या ब्रेकची ताकद वाढते आणि बहुतेक जण तोच जोरात दाबतात. पुढचे चाक थांबले की त्याची वळण्याची क्षमता संपते आणि सायकल आडवी होते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ तुकड्यावर, दोन्ही ब्रेक हलके वापरून. वळणात ब्रेक जवळजवळ सोडलेला हवा. पेडल एका पातळीत, गुडघे आणि कोपर सैल, अंग सीटच्या थोडे मागे, आणि नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता पाच-सहा मीटर पुढे. चढावर अडचण वेगळी असते. सीटवरून उठून जोर लावला की मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि ते जागीच फिरते. फार मागे बसले तर पुढचे चाक उचलले जाते. सीटच्या टोकावर सरकून, छाती हँडलकडे झुकवून, हलक्या गियरवर एकसारखा जोर देत राहणे, हे ऐकायला सोपे आहे आणि अंगवळणी पडायला पुरा एक हंगाम लागतो.

अवघडपणाचे दुसरे कारण वाटांच्या जन्मात आहे. या वाटा सायकलसाठी कोणी आखलेल्या नाहीत. काही ढोरवाटा आहेत, काही देवळाकडे जाणाऱ्या, काही रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांनी पाडलेल्या. गुरे बहुधा टेकडीला आडवी चालतात, चढ टाळत. त्यामुळे ढोरवाट सायकलला मानवते. माणूस मात्र माथ्यावर लवकर पोचायचे म्हणून सोंडेवरून सरळ वर जातो. सरळ वर जाणारी वाट पावसाळ्यात पाण्याची वाट होते. पाणी बारीक माती वाहून नेते, दगडगोटे उघडे पडतात, मधोमध घळ तयार होते, आणि मग चालणारे कडेने नवी वाट पाडतात. अशा तीन-चार वाटा शेजारी शेजारी पडलेल्या पुण्याच्या जवळपास प्रत्येक टेकडीवर दिसतात. वाटा आखणारे जाणकार एक नियम पाळतात: वाटेचा चढ टेकडीच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि सरासरीने १० टक्क्यांच्या आसपास राहावा. तसे असले की पाणी वाटेवरून आडवे निघून जाते. सोंडेवरची सरळ वाट हा नियम मोडते, म्हणूनच ती दरवर्षी आणखी अवघड होते.

त्यात भर समतल चरांची. पाणी जिरावे आणि माती धरून राहावी म्हणून टेकड्यांच्या उतारांवर ठिकठिकाणी आडवे चर खणलेले आहेत. फूट-दीड फूट खोल आणि काढलेल्या मातीचा बांध खालच्या अंगाला. टेकडीसाठी ते अत्यंत मोलाचे आहेत. सायकलस्वाराला ते वाटेत आडवे येतात, आणि उतारावरून वेगात येताना वाळलेल्या गवतात तर दिसतही नाहीत. जिथे वाट चर ओलांडते तिथे उतरून सायकल उचलून नेणे हेच योग्य. चराचा बांध चाकाने फोडला की त्याच फटीतून पुढच्या पावसात माती वाहून जाते.

वेगवेगळ्या टेकड्यांचा स्वभाव यातून ओळखता येतो. वेताळ टेकडीवर कोथरूडकडून एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे जाणारा डांबरी रस्ता बराच वर नेतो. हा चढ दमवणारा असला तरी त्यात तंत्राची कसोटी नाही. माथ्यावरचा रुंद कच्चा रस्ता शिकणाऱ्यासाठी उत्तम आहे, फक्त जुन्या दगडखाणीच्या कडेपासून चांगले अंतर ठेवायला हवे. खरी परीक्षा बाजूंनी खाली उतरणाऱ्या पायवाटांवर: पाषाणच्या अंगाला पंचवटीकडे, चतुःशृंगीकडे, फर्ग्युसनच्या मागच्या हनुमान टेकडीकडे. बाणेर-पाषाणची टेकडी तुलनेने मोकळी आणि माथ्याला सपाट आहे. तळजाई आणि पाचगाव पर्वतीच्या वनात गिरिपुष्पाच्या सावलीत रुंद, सौम्य रस्ते आहेत. पण तिथे सकाळी चालणाऱ्यांची इतकी गर्दी असते की जिथे सायकल नेण्यास मुभा आहे तिथेही वेग हा विषयच उरत नाही.

शहराबाहेर गेले की मोजमाप बदलते. सिंहगड १,३१२ मीटर उंच. आतकरवाडीहून वर जाणारी पायवाट सुमारे पावणेतीन किलोमीटरची आणि तिच्यात ६०० मीटरच्या आसपास चढ, म्हणजे सरासरी २० टक्क्यांहून जास्त. कागदावर ती दोन काळ्या हिऱ्यांच्या वर्गात बसते. पण ती चालणाऱ्यांची वाट आहे, रविवारी तर जत्रेइतकी भरलेली, आणि तिथे सायकल घालणे हा वाटेवरच्या माणसांवर अन्याय आहे. सायकलसाठी डोणज्याहून जाणारा घाटरस्ता आहेच, आणि तो छाती भरून आणतो. कात्रज ते सिंहगड ही डोंगरधारेवरची वाट रात्रीच्या पदभ्रमणासाठी प्रसिद्ध आहे. एकामागून एक टेकाडे, प्रत्येकाचा चढ तीव्र आणि उतार घसाऱ्याचा. तिथे सायकल चालवण्यापेक्षा खांद्यावर वाहण्यातच जास्त वेळ जाईल.

ऋतूंचा परिणाम इतका मोठा आहे की पुण्यात वाटेची माहिती महिन्यासकट द्यायला हवी. शहरात वर्षाकाठी सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या काळात. पहिल्या सरींनंतर मुरूम ओला होऊन बसतो आणि पकड अचानक सुधारते; जूनचा दुसरा पंधरवडा अनेकांना म्हणूनच प्रिय. जुलै-ऑगस्टमध्ये सततच्या ओलीने कातळावर शेवाळ धरते आणि तोच कातळ सर्वांत धोकादायक होतो. सखल भागातली काळी माती चाकाला, चेनला आणि ब्रेकला अशी चिकटते की चाक फिरणे थांबते. सप्टेंबरात गवत कमरेला लागते आणि त्याखालचे दगड दिसत नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा सगळ्यात चांगला काळ: जमीन घट्ट, हवा थंड. फेब्रुवारीनंतर वरचा थर पुन्हा मोकळा होऊ लागतो, मार्च-एप्रिलमध्ये वणवे लागून गवत जळते, आणि मेपर्यंत प्रत्येक उतारावर घसाऱ्याची जाडी वाढलेली असते. उन्हाचा पारा चाळिशीकडे गेलेला असताना दोन लिटर पाणीही कमी पडते.

सायकलीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पुढच्या काट्याला १०० ते १२० मिलिमीटर सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, या टेकड्यांना पुरते. महागड्या फ्रेमपेक्षा टायर महत्त्वाचे: रुंद, खोल गुट्ट्यांचे, आणि हवा थोडी कमी भरलेली. बाभूळ, बोर, हिवर आणि जमिनीलगतचा गोखरू यांच्या काट्यांमुळे ट्यूब टिकत नाही. आत सीलंट घातलेले ट्यूबलेस टायर इथे चैन नसून गरज आहे. हेल्मेटाशिवाय कातळाच्या वाटेवर जाणे मूर्खपणाचे आहे. आणि हातमोजे, कारण पडताना प्रथम तळहातच मुरमावर घासतात.

टेकड्यांचा मोठा भाग वनखात्याकडे आहे, आणि वाट अवघड की सोपी याआधी ती खुली की बंद हे पाहणे ओघाने येते. पायवाटेवर पहिला हक्क चालणाऱ्याचा. समोरून ज्येष्ठ नागरिक, लहान मूल किंवा गुरे आली तर सायकल थांबवायची, नुसती हळू करायची नाही. पाठीमागून जाताना आवाज द्यायचा. उन्हाळ्यात उघड्या माळावर टिटवी जमिनीवरच अंडी घालते. खड्यांमध्ये ती खड्यांसारखीच दिसतात आणि वाट सोडून दोन हात बाजूने गेलेले चाक ती सहज चिरडते. ब्रेक लावून मागचे चाक फरफटत नेले की मुरमात चर पडतो आणि पावसाचे पाणी तिथून वाट धरते. जो उतार चाक न फरफटवता उतरता येत नाही तो अजून आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे समजून सायकल हातात धरून उतरावी. नवख्याने आधी ती वाट एकदा पायी चालून पाहावी, थरांच्या कडा आणि चर कुठे आहेत ते लक्षात ठेवावे, आणि मग ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी, गर्दी नसताना, सोबत कोणाला तरी घेऊन सायकल काढावी.