शेकडा वाढ : कशावर?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



परीक्षा संपली की शेकडेवारी आपण विसरतो. बाजार मात्र विसरत नाही. रीत सर्वांस ठाऊक आहे : नव्या रकमेतून जुनी वजा करावी, आलेल्या वाढीला जुन्या रकमेने भागावे व शंभराने गुणावे. चूक होते ती बहुधा 'जुनी रक्कम' कोणती, हे ठरविताना.

माझ्या मामूंचे नालासोपाऱ्यात तयार कपड्यांचे छोटे दुकान आहे. एका ईदला त्यांनी ४०० रुपयांच्या शर्टावर शेकडा २५ चढवून ५०० किंमत लावली आणि शेकडा २५ सूट जाहीर केली. नफा नाही, तोटाही नाही, गिऱ्हाईक तरी बांधले जाईल, असा अंदाज. गर्दी उत्तम झाली. पण वाढ ४०० वर होती, सूट ५०० वर! शर्ट ३७५ ला गेला. साठ शर्टांमागे दीड हजार गेले. वही पुढे करून ते म्हणाले, "मास्तर, पंचवीस चढवले, पंचवीस उतरवले, मग पैसे गेले कुठे?" मुद्दल सुटायला सूट शेकडा २० च हवी होती. घरात बी.एड. झालेला भाचा असून आधी कोणी विचारले नाही, ही गोष्ट निराळी.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. दर नव्या करारास शेकडा १० वाढ असेल, तर ८,००० चे आधी ८,८०० होतात. पुढची वाढ ८,८०० वर, म्हणून ९,६८०. दोनदा दहा म्हणजे वीस नव्हे, एकवीस.

आता आपल्याच गावाचा आकडा घ्या. २००१ च्या जनगणनेत विरारची लोकसंख्या १,१८,९२८ होती. २०११ मध्ये वसई-विरार शहराची १२,२२,३९०. वाढ सुमारे शेकडा ९२८! आकडे खरे, भागाकार बरोबर, उत्तर मात्र निरर्थक. कारण २००९ साली विरार, वसई, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली. पाया एकट्या विरारचा धरला आणि माणसे सर्वांची मोजली. घर घेताना असा आकडा कोणी ऐकवला, तर घाई करू नका.

आणि मुलांनो, गणितात ४० चे ६० गुण झाले, तर घरी 'वीस गुण वाढले' सांगा वा 'शेकडा ५० वाढ झाली' सांगा. दोन्ही खरे आहे. फक्त अब्बांनी "कशावर?" विचारले, तर ते ४० लपवू नका.