लहान नौकेसाठीं शिडाची निवड

नवें शीड घेतांना मनुष्य बहुधा प्रथम कापडाकडे पाहतो, मग आकाराकडे आणि शेवटीं किंमतीकडे. वाऱ्याचा जोर वाढल्यावर तें आखूड कसें करावयाचें, हा प्रश्न त्याला समुद्रावर गेल्यानंतर सुचतो. वस्तुतः २५-३० फूट लांबीच्या नौकेच्या बाबतींत हाच प्रश्न सर्वांत आधीं विचारावयास हवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे शिडावरील दाब चौपट होतो. अशा वेळीं कापड कमी केलें नाहीं तर नौका एका कुशीवर कलंडते, सुकाणूला जुमानीत नाहीं आणि डोलकाठीवर भलताच ताण पडतो.

मुख्य शीड आखूड करण्याची जुनी रीत अशी. शीड चढविण्याची दोरी थोडी सैल करावयाची, पुढच्या कडेचें वरचें कडें आडकाठीच्या आंकड्यांत अडकवावयाचें, दोरी पुन्हां ताणावयाची, मागच्या कडेचें कडें दुसऱ्या दोरीनें आडकाठीपर्यंत खेंचावयाचें आणि मधला लोंबता घोळ बांधून टाकावयाचा. ही रीत साधी व स्वस्त आहे; आखूड झालेलें शीडही सपाट आणि ताठ राहतें. पण तो आंकडा असतो डोलकाठीपाशीं! काळोख्या रात्रीं, ओल्या व हेलकावणाऱ्या फळ्यांवरून, एकट्या माणसानें तेथवर जावयाचें. साहजिकच तो म्हणतो, अजून थोडें थांबूं. आणि या थांबण्यांतच घात होतो.

आडकाठीच फिरवून तिच्याभोंवतीं शीड गुंडाळण्याची युक्ति एके काळीं फार लोकप्रिय होती. तींत शिडाला पोट येतें आणि आडकाठीचें मागचें टोंक खालीं लोंबतें. पुढें पोकळ डोलकाठींतच शीड गुंडाळून घेण्याची सोय निघाली. बसल्या जागेवरून दोरी ओढली कीं काम झालें! मात्र त्यासाठीं शिडाची मागची कड बहुधा आंत कोरून घ्यावी लागते, आणि अर्धवट गुंडाळलेलें शीड आंत अडकलें तर तें ना बाहेर येतें, ना खालीं.

या अडचणीचा मुळापासून विचार केला तो ब्रिटिश रॉयल मरीन्स दलांतील निवृत्त अधिकारी कर्नल हॅसलर यांनीं. १९४२ सालीं वल्ह्यांच्या चिमुकल्या होड्यांतून बोर्दो बंदरांतील जहाजांवर छापा घालणाऱ्या तुकडीचे हेच नायक. ‘जेस्टर’ या आपल्या २५ फुटी नौकेवर त्यांनीं प्रथम एक निराळेंच शीड लावून पाहिलें. तें मनासारखें न उतरल्यामुळें ते चिनी तारवांच्या शिडाकडे वळले. चिनी शिडाला या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या पट्ट्या असतात. चिकाचा पडदा ज्या श्रोत्यांनीं पाहिला आहे, त्यांना बाकीचें सांगावयास नको. वरची दोरी सैल केली कीं शीड आपल्याच वजनानें उतरतें आणि पट्ट्या एकीवर एक बसतात. कोठें आंकडा नाहीं, कांहीं बांधणें नाहीं. हॅसलर यांनीं नौकेचा वरचा भाग बंद करून मध्यभागीं एक गोल झडप ठेविली आणि सर्व दोऱ्या तेथें आणल्या. शीड आखूड करण्यासाठीं त्या झडपेंतून बाहेर पडण्याचेंही कारण उरलें नाहीं.

१९६० च्या जून महिन्यांत प्लिमथहून न्यूयॉर्कला एकट्यानें अटलांटिक ओलांडण्याची पहिली शर्यत झाली. तिची मूळ कल्पना हॅसलर यांचीच. सुमारें ४० फुटी ‘जिप्सी मॉथ ३’ घेऊन फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोहोंचले. हॅसलर यांना ४८ दिवस लागले, तरी त्यांचा क्रमांक दुसरा होता.

असें शीड निर्दोष मात्र नव्हे. तें जड असतें, आणि वाऱ्याच्या तोंडाकडे चढतांना साधारण शिडाच्या मागें पडतें. ज्याची नौका सुटीच्या दिवशीं खाडीबाहेर जाऊन सायंकाळीं परतते, त्यानें जुनी रीतच ठेवावी. फक्त दोऱ्या चांगल्या कप्प्यांवरून सुकाणूपाशीं आणून घ्याव्या. खुल्या समुद्रांत जाणाऱ्यानें शिडाला तिसरा, खोल टप्पा शिवून घ्यावा. आणि पैसे देण्यापूर्वीं बंदरांतच, एकट्यानें, दिवा न लावतां, शीड एकदां आखूड करून पाहावें.

‘जेस्टर’ पुढें माइक रिची यांच्याकडे गेली. १९८८ सालच्या शर्यतींत ती वादळांत सांपडली. रिची वांचले, नौका गेली. नंतर तिची प्रतिकृति बांधण्यांत आली, तेव्हां शीड चिनी घाटाचेंच ठेवण्यांत आलें.